प्लायवुडपलीकडची शिकवणी

मानवी मेंदू ही निसर्गाची सर्वांत थोर निर्मिती असून तिच्यापुढे विज्ञानालाही हात जोडून उभं राहावं लागतं. संमतिपत्राच्या पहिल्या पानावरचं पहिलं वाक्य असं होतं. वाक्य वजनदार होतं, यात वाद नाही. फक्त त्यात ‘मेंदू’ हा शब्द दोनदा टाईप झाला होता, त्यामुळे विज्ञान ज्याच्यापुढे हात जोडून उभं होतं त्या माणसाला दोन मेंदू असावेत असं वाटत होतं. मास्तरांनी खिशातून लाल पेन काढलं आणि त्यातला एक खोडला.

नऊ पानांत एकतीस चुका निघाल्या. मास्तरांनी शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात आकडा लिहिला, त्याभोवती गोल काढला आणि कागद टेबलापलीकडे सरकवले.

“आजोबा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “फक्त सही करायची होती. तीही तुमच्या मुलीने.”

“सही तीच करेल. मी तपासून दिलंय.”

मुलगी, म्हणजे मास्तरांची लेक, औषधांच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. वडील चारचौघांत असं काही करू लागले की छताकडे बघायचं, ही सवय तिला शाळेत असल्यापासून होती. तिने छताकडे बघतच सही केली.

मास्तर हे काही शाळामास्तर नव्हेत. त्यांनी अडतीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. लांबट खोली, दोन रांगांत बावीस यंत्रं, आणि पाठीमागून पट्टी घेऊन येरझारा घालणारे मास्तर. “खाली बघायचं नाही! बोटांना माहीत आहे कुठे जायचं ते. तुम्ही मध्ये पडू नका.” संगणक आले, क्लास बंद पडला, एकवीस यंत्रं भंगारात गेली आणि एक घरी आलं. यंत्राबरोबर आवाजही घरी आला. त्यामुळे मास्तर घरात मीठ मागत तेव्हासुद्धा मागच्या रांगेला ऐकू जाईल असं मागत.

आता त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं, नातीला नेणं-आणणं. नात सहा वर्षांची. एका जागी दोन मिनिटं टिकेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. भिंगरीला सगळं कळायचं. मास्तरांचा चष्मा कुठे आहे हे तिलाच ठाऊक असायचं. पत्त्यांच्या जोड्या लावायच्या खेळात ती मास्तरांना रोज हरवायची आणि वर भुवया उडवायची. बोलणं तेवढं गाडीवरून घसरलेलं. ‘पाणी’ हा शब्द सकाळी ‘आमी’ व्हायचा, दुपारी ‘बागी’, आणि संध्याकाळी नुसता ‘आ’ आणि नळाकडे बोट. शाळेतल्या मुलांनी चार दिवस उत्सुकतेने ऐकलं, पाचव्या दिवसापासून ती तिच्याशी खुणांनी बोलू लागली. सहाव्या दिवसापासून भिंगरीही खुणांनीच बोलू लागली. लेकीला भीती वाटत होती ती एवढीच, की पोरगी आता बोलायचा नाद सोडून देईल.

“हिच्या जिभेत दोष नाही,” डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं. “बुद्धीतही नाही. शब्द तिला माहीत आहे. पण ओठ, जीभ, टाळू यांनी कोणत्या क्रमाने काय करायचं, तो हुकूम मेंदूकडून नीट निघत नाही. दर वेळी वेगळा निघतो.”

“म्हणजे अक्षरं पाठ आहेत, बोटंही धडधाकट, पण बोटं बसलेली नाहीत,” मास्तर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर विचार केला. “हो. तसंच काहीसं.”

त्यांचा अभ्यास होता तो याच गोष्टीचा. बोलण्याचे धडे दिल्यावर मुलांच्या मेंदूत नक्की काय बदलतं? त्यासाठी मुलांचे दोन गट. एका गटाला आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे, बोलण्याचे धडे. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ, तेवढीच माया, पण धडे नाहीत. चित्रं रंगवा, मणी ओवा. आधी आणि नंतर दोन्ही गटांच्या डोक्यांवर तारांची टोपी घालून मेंदूतली हालचाल टिपायची. बारा आठवडे संपले की मण्यांच्या गटालाही पूर्ण धडे मिळणार होते. अट एकच, कलम सात: मधल्या काळात मुलाला बोलण्याचे इतर कोणतेही उपचार वा सराव देऊ नये, दिल्यास मूल अभ्यासातून बाद होईल आणि पुढच्या धड्यांचा नंबरही जाईल. अभ्यासाबाहेरची साधी रांग चौदा महिन्यांची होती.

कोणी कुठल्या गटात जायचं हे संगणक ठरवणार होता. संगणकाने आधी मास्तरांचा क्लास घालवला होता. आता त्याने भिंगरीला मण्यांच्या गटात टाकलं.

“बाराच आठवडे आहेत, आबा,” लेक बसमध्ये म्हणाली. “सहा वर्षं थांबलो, आणखी तीन महिने.”

“संगणकाला माझ्यावर खुन्नस आहे,” मास्तर म्हणाले, आणि पुढच्या तीन बाकांवरची माणसं मागे वळून बघू लागली.

टोपी घालायचं काम एका तरुणाकडे होतं. त्याच्या हुद्द्याची पाटी दोन ओळींची होती, पण मुलं त्याला टोपीवाला म्हणत आणि तोही त्या हाकेला ओ द्यायचा. पोहायला जाताना घालतात तशी टोपी, तिच्यावर पांढऱ्या गुंड्या, प्रत्येक गुंडीला एक तार, आणि गुंडीखाली केसांत थंडगार चिकट जेल. भिंगरीने समोरच्या पडद्यावरची चित्रं बघितली आणि प्रत्येकाचं नाव घेण्याचा मनापासून प्रयत्न केला. चेंडूला ती पहिल्यांदा ‘ओग’ म्हणाली आणि दुसऱ्यांदा ‘अबो’. घरी केसांतलं जेल काढायला तीनदा डोकं धुवावं लागलं.

मणी ओवायची खोली मागच्या व्हरांड्यात होती. तिथे पालकांनी बसायचं नाही, असा नियम. म्हणून मास्तर व्हरांड्यातल्या बाकावर बसत. बाकाला टेकायला भिंत होती ती प्लायवुडची, आणि त्या प्लायवुडच्या पलीकडे, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, धड्यांची खोली होती.

पहिल्या दिवशी मास्तर वर्तमानपत्र वाचत होते. पलीकडून एका बाईचा आवाज आला.

“माझ्या तोंडाकडे बघ. मा.”

“बा,” एक पोर म्हणालं.

“मा. ओठ मिट. हं. मा. आता मा-मा.”

“मा-ब.”

“छान, अर्धं आलं! परत. मा-मा. हळू. घाई नाही. आधी नीट, मग पटकन.”

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

आधी नीट, मग पटकन. अडतीस वर्षं दुसरं काय सांगत आले होते ते? पलीकडची बाई एकच शब्द वीसदा म्हणून घेत होती. चुकला की तोडून दोन तुकडे करत होती, तुकडे बसले की जोडत होती, जोडला की दुसऱ्या शब्दाच्या शेजारी ठेवत होती. पोर कंटाळलं की चाल बदलत होती. शब्द बसायला लागला की स्वतःचा आवाज हळूहळू काढून घेत होती, जसे मास्तर शिकाऊ पोरांच्या यंत्रावरची अक्षरं कापडाने झाकायचे. मास्तर तो तास अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी ऐकत राहिले. हे काही औषधपाणी नव्हतं. हे टायपिंग होतं. बोटांच्या जागी ओठ होते, एवढाच फरक.

घरी आल्यावर त्यांनी कलम सात पुन्हा वाचलं. त्यात आणखी एक चूक सापडली, ती त्यांच्या नजरेतून सुटली होती, याचं त्यांना वाईट वाटलं. पण टायपिंगला मनाई असल्याचं काही त्यात सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता, लेक दुकानात असताना, त्यांनी यंत्रावरचं कापड काढलं. भिंगरीला दोन उशांवर बसवलं.

“आपण टायपिंग शिकणार,” मास्तर मागच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले. “नुसतं टायपिंग. कळलं?”

भिंगरीने मान डोलावली आणि सगळी बटणं एकदम दाबली. सात दांडे एकमेकांत अडकले. मास्तरांनी ते सोडवले. कॉलेजात जाणाऱ्या पोरांनीही पहिल्या दिवशी हेच केलं होतं.

पद्धत सोपी होती. एक बोट, एक बटण, एक आवाज. डाव्या बोटाला ‘मा’, उजव्या बोटाला ‘मा’. चुकलं तरी खाडाखोड नाही, पुढे जायचं. ओळ संपली की यंत्राची घंटी वाजायची, टिंग, आणि त्या घंटीसाठी भिंगरी काय वाटेल ते करायला तयार होती. सहा वर्षांत बोलून झाल्यावर कोणी तिच्यासाठी घंटी वाजवली नव्हती. लोक बहुतेक ‘काय?’ म्हणायचे.

अडचण शब्दांची होती. बाई शिकवायच्या ते शब्द पलीकडच्या पोराच्या गरजेचे होते, आणि मास्तरांकडे दुसरं पुस्तक नव्हतं. पलीकडच्या पोराला एक मामा होता, एक टॉमी नावाचा कुत्रा होता आणि चेंडूचं वेड होतं. मास्तर बाकावर बसून, वर्तमानपत्राच्या कडेला शब्द टिपून घेत आणि दुपारी चारला जसेच्या तसे पुढे शिकवत. ‘मामा’. ‘बॉल दे’. ‘टॉमी, ये’. ‘अजून एक’. स्वतःच्या डोक्याने एखादा शब्द घालायचा त्यांना धीर होत नव्हता. कोणता आवाज कशानंतर घ्यायचा यामागे काही हिशेब असणार, आणि तो बाईंना ठाऊक होता, त्यांना नव्हता. एवढी अक्कल त्यांना होती. बाईंचा चेहरा त्यांनी बघितलेला नव्हता, पण तास संपून पलीकडची खुर्ची सरकली की ते बाकावरून उठून उभे राहत. हात जोडावेत असं वाटे. प्लायवुडला हात जोडणं बरं दिसणार नाही म्हणून ते वर्तमानपत्राची घडी घालत.

सहाव्या आठवड्यात लेक दुकानातून आली आणि दारातच थबकली.

“आबा, ती आत्ता ‘मामा’ म्हणाली. स्वच्छ. दोनदा.”

“म्हणाली खरी.”

“तिला मामा नाहीये.”

“हो, ते जरा राहूनच गेलं.”

“आबा, मला भाऊ नाही!”

“माहीत आहे. मी घरातच होतो.”

लेक मटकन खाली बसली. भिंगरी तिच्या मांडीवर चढली आणि, गुडघ्यावर बोटं आपटत, एकेक आवाज तोलून, म्हणाली, “बॉ-ल दे.” मग वाट बघितली. घंटी वाजली नाही तेव्हा तिने स्वतःच तोंडाने ‘टिंग’ केलं. लेक हसली, मग रडली, मग पोरीचे केस विंचरत बसली, वास्तविक ते विंचरलेलेच होते.

“मण्यांनी एवढा फरक पडतो?” तिने थोड्या वेळाने विचारलं.

“मण्यांचं काही सांगता येत नाही,” मास्तर म्हणाले. हे खरं होतं. लेकीने दुसऱ्या दिवशी दुकानातल्या सगळ्यांना मण्यांचं महत्त्व सांगितलं.

बाराव्या आठवड्यानंतर पुन्हा टोपी, पुन्हा जेल. पडद्यावर चेंडूचं चित्र आलं. “बॉल,” भिंगरी म्हणाली. टोपीवाल्याने तारा नीट आहेत ना ते बघितलं. पुन्हा चेंडू आला. “बॉल.” पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. कुत्र्याच्या चित्राला ती ‘टॉमी’ म्हणाली, ते कुत्र्याचं नाव म्हणून धरावं की चूक, यावर टोपीवाल्याने कागदावर प्रश्नचिन्ह काढलं. “हात हलवू नकोस हं बाळा,” तो दोन-तीनदा म्हणाला. भिंगरीचे हात मांडीवर होते आणि बोटं टकटक चालू होती.

दहा दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं. लेकीला दुकानातून निघता येईना, म्हणून मास्तर भिंगरीला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंचा चेहरा फुललेला होता. शेजारच्या खुर्चीत चाळिशीच्या, बारीक, चष्मेवाल्या बाई बसल्या होत्या. त्या “नमस्कार” म्हणाल्या आणि मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. तोच आवाज! प्लायवुडशिवाय तो आणखी थकलेला वाटत होता.

“हे बघा, आजोबा,” डॉक्टरीणबाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. दोन डोकी, वरून बघितल्यासारखी. पहिल्यात फिकट लाल रंग इकडेतिकडे सांडलेला. दुसऱ्यात तो गोळा होऊन आलेला. “हे बारा आठवड्यांपूर्वी, हे आता. शब्द उच्चारायच्या आधी इथे, ओठ आणि जीभ हलवणाऱ्या भागात, हालचाल सुरू व्हायला हवी. होतेय! वेळेवर होतेय. आणि त्याच्या शेजारी हा दुसरा ठिपका दिसतो? हा हाताचा भाग. बोलताना हिचा हाताचा भाग जागा होतो. कुठल्याच मुलात नाही असा. एका मुलीवरून काहीही सिद्ध होत नाही, हे मी आधीच सांगते.”

मग त्यांनी पंधरा मिनिटं त्या एका मुलीवरून बरंच काही सिद्ध केलं. उपचार न मिळालेला मेंदू स्वतःच वाट शोधतो. बोलण्याचा भाग अडला की हाताचा भाग आपण होऊन मदतीला धावतो. पुढच्या महिन्यातल्या परिषदेत त्या हे मांडणार होत्या, आणि या धावून जाण्याला त्यांनी एक लांबलचक नावही दिलं होतं.

“म्हणजे आमच्या वर्गातल्या कोणाहीपेक्षा हिचं चित्र चांगलं,” धड्यांच्या बाई म्हणाल्या. त्या चित्राकडे बघत नव्हत्या, भिंगरीकडे बघत होत्या, आणि कौतुकानेच बघत होत्या, हे मास्तरांना जास्त लागलं. “गोड आहे पोरगी. मणी छान ओवत असणार.”

भिंगरी म्हणाली, “अजून एक.”

बाईंनी मान वर केली. काहीतरी आठवल्यासारखं त्यांना झालं आणि ते निसटलं.

भिंगरीचे धडे सोमवारी सुरू व्हायचे होते. कलम सात त्यांना तोंडपाठ होतं, चुकांसकट. आत्ता तोंड उघडलं तर नंबर जाणार, आणि मग चौदा महिने. त्यांच्याजवळ शिकवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. पलीकडचं पोर आपले शब्द घेऊन घरी गेलं होतं. भिंगरीला ‘पाणी’ अजून येत नव्हतं. ते “बराय” म्हणून उठले आणि भिंगरीचं बोट धरून व्हरांड्यात आले. पाय सवयीने बाकाकडे गेले.

ते बसले. आतल्या दोघीजणी उठून आता धड्यांच्या खोलीत आल्या असाव्यात.

“पुढच्या तुकडीला मग मणीच द्यायचे का?” बाईंचा आवाज प्लायवुडमधून आला. “थट्टा नाही करत. सोळा वर्षं मी हेच करतेय. घसा बसेपर्यंत. आणि एक पोरगी मणी ओवून याच्यापेक्षा जास्त मिळवते. तसं असेल तर तसं. मुलांचं भलं होतंय ना, मग मणी तर मणी. पण मग मी काय करत होते, तेवढं मला कळायला हवं.”

मास्तरांच्या क्लासमधून परीक्षेला कॉपी केली म्हणून अडतीस वर्षांत तीन पोरं बाहेर गेली होती. तिघांचेही चेहरे त्यांना व्हरांड्यात दिसले. त्यातला एक तर पुढे बराच मोठा अधिकारी झाला होता, पण तो मुद्दा वेगळा. ते उठले आणि त्यांनी प्लायवुडवर टकटक केली. दार दोन पावलांवर होतं, ते नंतर लक्षात आलं.

“मी शिकवलं तिला,” आत जाऊन ते म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की टोपीवालाही धावत आला. “मण्यांचा काही संबंध नाही.”

“काय शिकवलंत?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“टायपिंग.”

कोणालाच काही कळलं नाही. मग मास्तरांनी बाक दाखवला, भिंत वाजवून दाखवली, खिशातून वर्तमानपत्राच्या कडांचे कपटे काढले. भिंगरीला उंच खुर्चीवर बसवून म्हणाले, “चल, मधल्या ओळीवर बोटं!” भिंगरीने टेबलावर बोटं ठेवली आणि पलीकडच्या पोराचा अख्खा अभ्यासक्रम, मामापासून टॉमीपर्यंत, टकटक करत म्हणून दाखवला. शेवटी टिंग.

डॉक्टरीणबाई हळूच खाली बसल्या. “म्हणजे तो हाताचा ठिपका...”

“तो माझा,” मास्तर म्हणाले.

“मेंदूने आपण होऊन शोधलेली वाट...”

“नाही हो. मी लावली ती सवय.”

डॉक्टरीणबाईंनी परिषदेचा कागद उलटा करून ठेवला. धड्यांच्या बाई मात्र तोंडावर हात ठेवून वाकल्या होत्या. मास्तरांना वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“मास्तर, ‘दे’ किती ओढायला शिकवलाय तुम्ही! दे-ए-ए!”

“पलीकडून तसाच ऐकू यायचा.”

“ते पोर ओढायचं! मी बारा आठवडे तेच तर सोडवत होते!”

“आम्हाला दोन्ही आवाज सारखेच यायचे. कोणाचं घ्यायचं ते कळलं नाही.” मास्तरांनी हात जोडले. मघाच्या मानाने आवाज अगदीच खाली आला होता. “बाई, ही पोर बोलते ती तुमच्यामुळे. मी नुसता भिंतीला कान लावला. तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही. उपकार झाले. ते चोरून घेतले म्हणून लहान होत नाहीत.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावर परत पुसला.

कलम सात वाचण्यात आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाइलाज आहे, नियम सर्वांना सारखा. भिंगरी अभ्यासातून बाद, आणि सोमवारचा नंबरही रद्द. ते त्यांनी मान खाली घालून सांगितलं, आणि मास्तरांनी ते ताठ उभं राहून ऐकलं. घरी लेकीला काय सांगायचं याची ओळ ते मनात जुळवत होते. जुळत नव्हती.

“अभ्यासाचा नंबर रद्द,” बाई म्हणाल्या. “माझी जेवणाची सुट्टी अभ्यासात नाही. मंगळवार आणि शुक्रवार, एक वाजता. मी खाता खाता शिकवेन, तेवढं चालवून घ्या.”

मास्तरांनी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा आवाज निघाला नाही.

“आणि तुम्ही बाहेर बसायचं नाही,” बाई म्हणाल्या. “आत बसायचं. तुम्हाला बाहेर बसवण्यात धोका आहे.”

घरी लेक दीड तास बोलली. “सत्तर वर्षांचे झालात, आबा, आणि चोऱ्या करता! आणि मी दुकानभर मणी मणी करत फिरतेय!” मग ती थांबली, यंत्राजवळ गेली, एक बटण दाबून बघितलं आणि म्हणाली, “दुपारी चारला का? मला सांगितलं असतंत तर मी सुट्टीच्या दिवशी बसले असते की.”

पहिल्या मंगळवारी मास्तर एक पत्र घेऊन गेले. स्वतः टाईप केलेलं, एकही चूक नाही, त्यासाठी पाच कागद वाया गेले होते. त्यात आभार मानले होते. कशाकशाचे ते सविस्तर लिहिलं होतं, तुकडे पाडण्याचे, परत जोडण्याचे, न रागावता वीसदा तेच म्हणण्याचे. बाईंनी पत्र एका हाताने वाचलं, दुसऱ्या हातात डबा होता. मग त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं, चाव्या ठेवतात त्या आतल्या कप्प्यात.

“आता तुझे शब्द,” त्या भिंगरीला म्हणाल्या. टेबलावर चित्रं मांडली होती: आई, आजोबा, पाणी, घर, शाळा, झोका. “दुसऱ्याचे पुष्कळ झाले. पहिला कोणता शिकायचाय?”

मास्तर सरसावून बसले. आजोबांचं चित्र कडेला होतं, ते त्यांनी सहज म्हणून मध्ये सरकवलं. भिंगरीने सगळी चित्रं बघितली, मास्तरांकडे बघितलं, आणि डोकं जोरजोरात डावीकडून उजवीकडे हलवलं.

“यातलं नको?” बाईंनी विचारलं.

भिंगरीने त्यांच्या ओठांकडे बोट केलं.

“हां! ‘नको’ शिकायचंय!” बाईंनी चमचा खाली ठेवला. “बरोबर आहे. सहा वर्षं ते बोलता येत नसेल तर काय हाल होत असतील. माझ्याकडे बघ. न-को.”

दोन शुक्रवार आणि दोन मंगळवार लागले. बाईंनी आधी बोटांची टकटक कायम ठेवली, मग एका हाताची केली, मग नुसतं करंगळीचं हलणं राहिलं, मग तेही गेलं. मास्तर कोपऱ्यात बसून हे बघत होते. आपण शिकवलेलं कोणीतरी इतक्या हलक्या हाताने काढून घेतंय आणि खालचं बोलणं तसंच उभं राहतंय, हे बघायला त्यांना फार बरं वाटलं. ते घरी तसं म्हणालेही. लेक म्हणाली, “हळू बोला, आबा, शेजाऱ्यांनाही बरं वाटेल.”

तिसऱ्या मंगळवारी, दुपारी चारला, मास्तरांनी यंत्रावरचं कापड काढलं, दोन उशा ठेवल्या आणि हाक मारली. भिंगरी दारात आली.

“नको,” ती म्हणाली. एका दमात, बोटं न हलवता. आणि भुवया उडवून खेळायला पळाली.

मास्तरांनी दोन्ही उशा उचलून ठेवल्या. त्यांच्या क्लासमधून अडतीस वर्षांत हजारभर पोरं पास होऊन गेली होती, आणि त्यांचं पोट इतकं कधी भरलं नव्हतं. मग त्यांनी यंत्रावर कापड घातलं.

डॉक्टरीणबाईंचा निबंध पुढच्या वर्षी छापून आला. त्यात सव्वीस मुलं आहेत. पान चार, तळटीप दोन: “एका मुलाच्या नोंदी तांत्रिक कारणास्तव वगळल्या आहेत.”